चौथी सीट मागणाऱ्या मुलीला

या वेळचं पत्र डोंबिवलीहून आलंय. लांबलचक आहे, म्हणून थोडक्यात देते. कॉलेज, विभाग, माणसं ओळखू येतील असं सगळं गाळलंय.

"मॅडम, मी समाजशास्त्रात एमएच्या पहिल्या वर्षाला आहे. शाळा मराठी माध्यमाची, बीएसुद्धा घराजवळच्या कॉलेजात मराठीतून केलं. आता रोज मुंबईत येऊन-जाऊन. वर्गात आम्ही चाळीसेक जण आहोत, बोलतात चार-पाच. बहुतेक टाऊनच्या (दक्षिण मुंबईतल्या) कॉलेजांतले, इंग्रजी फाडफाड. सरांनी प्रश्न विचारला की पुष्कळदा मला उत्तर येत असतं. मी ते आधी मनात मराठीत जुळवते, मग इंग्रजी करते, मग व्याकरण तपासते. तोवर सर पुढच्या मुद्द्यावर गेलेले असतात. एकदा धीर करून बोलले, तर तोंडातून 'हेगेमनी' गेलं. मागून कुणीतरी 'हेजेमनी' म्हणून दुरुस्त केलं आणि हसलं. त्याला दोन महिने झाले, मी वर्गात तोंड उघडलेलं नाही. मैत्रीण म्हणते, बोलणारे नुसती शायनिंग मारतात, आपण पेपरात लिहायचं आणि मोकळं व्हायचं. आई म्हणते, गप्प राहणाऱ्याचं कधी वाईट होत नाही. पण पुढच्या महिन्यात माझं प्रेझेंटेशन आहे आणि आत्तापासून झोप उडाली आहे. इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावू का? – शेवटून दुसरा बाक"

प्रिय शेवटून दुसरा बाक,

आधी हेगेमनीचा निकाल लावून टाकू. चांगला इंग्रजी शब्दकोश उघड. तिथे दोन्ही उच्चार दिलेले सापडतील, 'ज'चा आणि 'ग'चा. मूळ ग्रीक शब्दात तर 'ग'च आहे. म्हणजे तू चुकलीच नव्हतीस. हसणारा चुकला होता. आणि गंमत अशी, की ज्या शब्दावर तो हसला त्याचा अर्थ त्याच्या डोक्यात उतरला असता तर त्याला हसू आलं नसतं. चार माणसांची रीत हीच बरोबर, असं उरलेल्या सगळ्यांना कुणी दंडुका न उगारता पटून जाणं, यालाच तर आपण मराठीत धुरीणत्व म्हणतो. त्याने हसायचं आणि तू दोन महिने गप्प बसायचं, तेही शब्दकोश न उघडता! तुम्ही दोघांनी मिळून ही कल्पना मांडणाऱ्या इटालियन विचारवंत ग्राम्शीचं इतकं चोख प्रात्यक्षिक केलंत, की सरांनी त्यावर वेगळं लेक्चर घ्यायचं काही कारणच उरलं नाही. हा ग्राम्शीही सार्डिनिया बेटावरच्या ओढगस्तीच्या घरातला. गरीब मुलांसाठीची शिष्यवृत्ती मिळवून १९११ साली तुरीनच्या विद्यापीठात गेला. परक्या मोठ्या शहरातल्या वर्गात बसणं त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.

आता तुझा नेमका प्रश्न. क्लास लावू का? नको. इंग्रजी सुधारावंसं वाटत असेल तर जरूर सुधार, तुझे अर्धे संदर्भग्रंथ इंग्रजीत असणार, वाचायला उपयोग होईल. पण वर्गात बोलता यावं म्हणून क्लास लावू नकोस. तुझी अडचण इंग्रजीची नाही, आणि याचा पुरावा मला तुझ्या पत्रातच सापडला. तू लिहितेस, "ट्रेनमध्ये उभ्याने वाचते, चौथी सीट मिळाली तर नोट्स काढते."

चौथी सीट आपोआप मिळत नाही, बाई. मी स्वतः एकतीस वर्षं लेडीज डब्यातून कॉलेजला गेले आहे. तीन बायका ऐसपैस बसलेल्या असतात, एकीच्या मांडीवर पर्स, दुसरीचे डोळे मिटलेले. त्यांना "थोडा खिसको ना" म्हणावं लागतं. एकदा म्हणून भागत नाही. "आप किधर उतरेंगी? दादर? मेरेको देना हां" हा करार ठाण्याच्या आत करून ठेवावा लागतो, आणि मध्येच दुसरी कुणी घुसली तर "मैं पहले पूछा था" असं ठणकावावं लागतं. हे सगळं आपण कोणत्या भाषेत करतो? जिला आपण हिंदी म्हणतो त्या भाषेत. त्यात लिंगाचा पत्ता नाही, 'ने'चा ठिकाणा नाही, अर्धे शब्द मराठी. शाळेतल्या हिंदीच्या बाईंनी ऐकलं तर पट्टी काढतील. पण मुंबईतल्या एकाही मराठी बाईने सीट मागण्याआधी वाक्य मनात जुळवून त्याचं व्याकरण तपासलेलं मी पाहिलं नाही. तूही तपासत नसशील. तपासत बसलीस तर उभी राहशील डोंबिवलीपर्यंत.

म्हणजे चुकीच्या भाषेत, अनोळखी माणसांसमोर, तावातावाने बोलणं तुला येतं. रोज दोन वेळा करतेस. फरक इतकाच, की गाडीत तुझ्या पर्समध्ये पास असतो आणि ही जागा माझीही आहे याबद्दल तुला शंका नसते. वर्गात फी भरूनसुद्धा आपण विनातिकीट बसलोय आणि कुठल्याही क्षणी टीसी येईल, असं वाटत राहतं. तो मागून हसलेला मुलगा तुला टीसी वाटला. तोही प्रवासीच आहे.

तुझ्या वर्गात चार-पाचच जण बोलतात, हे तू जणू तुझ्या वर्गाचं खास दुखणं असल्यासारखं लिहिलं आहेस. तू समाजशास्त्राची विद्यार्थिनी, म्हणून तुझ्याच पेशातली गोष्ट सांगते. डेव्हिड कार्प आणि विल्यम योल्स या दोघा अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी एका विद्यापीठातल्या वर्गांमध्ये निरीक्षक बसवून कोण किती वेळा बोलतं ते मोजलं आणि १९७६ साली छापलं. चाळीसपेक्षा कमी मुलं असलेल्या वर्गात एकूण बोलण्यातला पाऊण भाग चार-पाच जणच उरकत होते. त्याहून मोठ्या वर्गात दोन-तीन जणांकडे निम्म्याहून जास्त. तिथे मराठी माध्यम नव्हतं, टाऊन आणि उपनगर नव्हतं, तरी आकडा तुझाच. त्यांचं म्हणणं असं, की बोलायची जबाबदारी सुरुवातीच्या थोड्या दिवसांतच काही जणांच्या गळ्यात पडते आणि बाकीचे निवांत होतात. निवांत झालेल्यांनी करायचं काय, तर लक्ष आहे असं दिसू द्यायचं. वही उघडी, मधूनच मान हलवायची, सरांची नजर आपल्या रांगेकडे वळली की पेनाचं टोपण शोधायला लागायचं. (पेनाचं टोपण ही भर माझी. वर्गाच्या पुढच्या बाजूला उभं राहिलं की हे सगळं दिसतं, मुलांना वाटतं दिसत नाही.) आणि का बोलत नाही असं मुलांना विचारलं, तेव्हा विचार अजून नीट पक्का झालेला नसतो, विषयाची पुरती माहिती नसते, ही कारणं पुढे आली. तुझ्या 'आधी मराठीत, मग इंग्रजीत, मग व्याकरण' या तीन पायऱ्या त्याच घराण्यातल्या. तू त्यात फक्त एक पायरी वाढवली आहेस.

यात आम्हा शिक्षकांचाही वाटा आहे, आणि तो लहान नाही. मेरी बड रो नावाच्या बाईंनी सत्तरच्या दशकात शाळांमधले विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून तपासले. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत होते. तो वेळ तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरं लांबली, सुधारली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. हे वाचलं तेव्हा मला शिकवायला लागून वीस वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी वर्गात प्रश्न विचारला आणि मनात आकडे मोजले. तीनपर्यंत पोचताना घशाला कोरड पडली. इतकी शांतता मी त्या वर्गात कधी सोसलीच नव्हती. वीस वर्षं मीच विचारत होते, मीच उत्तर देत होते आणि स्टाफरूममध्ये येऊन "हल्लीची मुलं बोलतच नाहीत" म्हणत होते. तेव्हा तुझं वाक्य तयार होईपर्यंत सर पुढे जातात, यात तुझा वेग कमी आहे असं धरून चालू नकोस.

शायनिंगबद्दल. तुझ्या मैत्रिणीशी मी थोडी सहमत आहे, म्हणजे अशी माणसं असतात. प्रश्न विचारतो असं सांगून चार मिनिटांचं भाषण ठोकतात आणि शेवटी प्रश्नच नसतो. लेक्चर संपायला दोन मिनिटं असताना ज्याचा हात वर जातो त्याच्याकडे सगळा वर्ग कसा बघतो, तेही मला माहीत आहे. "आता याला काय पडलंय, कँटीनमधले समोसे संपतील." पण गंमत बघ, शायनिंगचा शिक्का प्रश्न विचारणाऱ्यावर जितक्या लवकर बसतो तितका उत्तर देणाऱ्यावर बसत नाही. कारण प्रश्न विचारला की बाकीच्यांचं बिंग फुटायची वेळ येते. डेल मिलर आणि कॅथी मॅकफार्लंड यांनी १९८७ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना मुद्दाम कळणार नाही असा लेख वाचायला दिला होता, आणि अडलं तर येऊन विचारा असं सांगितलं होतं. कुणी उठलं नाही. प्रत्येकाचा हिशोब असा, की मी लाजेपोटी बसून आहे, बाकीच्यांना मात्र खरंच कळलंय. पुढच्या वेळी सर "क्लिअर?" विचारतील आणि चाळीस माना हलतील, तेव्हा ही गोष्ट आठव.

मार्कांसाठी बोलू नकोस, हे मात्र मी आग्रहाने सांगेन. मुंबई विद्यापीठाच्या आधीच्या ७५:२५ च्या पद्धतीत इंटर्नलच्या २५ पैकी २० गुण चाचणीचे असत आणि ५ वर्गातल्या सहभागाचे, वागणुकीचे वगैरे. ते पाच मी कसे दिले सांगू? साठ-सत्तर मुलांच्या वर्गात कोण किती बोललं याची नोंद ठेवणं मला जमलं नाही. सगळ्यांना चार. ज्यांची नावं कमी हजेरीच्या डिफॉल्टर लिस्टमध्ये होती त्यांना तीन. एका मुलाला पाच दिले होते, कारण तो प्रोजेक्टर दुरुस्त करायचा. सगळे शिक्षक माझ्यासारखे आळशी नसतात, पण त्या गुणांवर डोळा ठेवून हात वर करणाऱ्याचा आवाज वेगळा येतो, तो लगेच ओळखू येतो.

आईचं वाक्य खोडून काढायला जाऊ नकोस. तिने ज्या घरांत आणि ज्या ऑफिसांत दिवस काढले असतील तिथे ते खरं ठरलं असेल. शिवाय गप्प बसणारी सगळीच माणसं भ्यालेली असतात असं मला वाटत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी तीन वर्षांत दोनदा बोलली असेल, आणि दोन्ही वेळा आम्हाला मागचा आठवडा परत शिकवावा लागला. तुलाही रोज बोलायची सक्ती नाही. पण तू स्वतः लिहिलं आहेस, "न बोलता बाहेर पडले की घरी जाईपर्यंत तेच वाक्य डोक्यात फिरत राहतं." म्हणजे तुझं गप्प बसणं आवडीचं नाही.

मग करायचं काय.

पहिला आठवडा काहीच बोलू नकोस. वहीच्या मागच्या पानावर मोज. कोण बोललं, किती वेळा, किती लांब, सरांनी कुणाकडे बघून विचारलं, किती सेकंद थांबले. मुली किती, मुलगे किती. तुला हातात काम मिळेल, आणि ज्यांची भीती वाटते त्यांच्याकडे तू निरीक्षक म्हणून बघायला लागशील. फाडफाड बोलणाऱ्यांच्या बोलण्यात किती वाक्यं अर्धवट सुटतात, किती 'लाइक' आणि 'आय मीन' असतात, तेही लिही. कुणाचंच वाक्य तयार होऊन बाहेर येत नाही. ते बोलता बोलता बनतं.

मग एखाद्या दिवशी लेक्चर संपल्यावर सरांना दारात गाठ. एवढंच विचार, "सर, मी वर्गात मराठीत बोलले तर चालेल का?" माझा अंदाज, ते हो म्हणतील. मुंबई विद्यापीठात कला शाखेचा पेपर मराठीत लिहायची मुभा आहे, इतरही अनेक विद्यापीठांत स्थानिक भाषेला ती असते. जे लिहायला चालतं ते बोलायला का चालू नये? संज्ञा इंग्रजीत ठेव, त्या सगळ्यांच्या आहेत. युक्तिवाद मराठीत कर, तो तुझा आहे. वर्गात मराठी न कळणारं कुणी असेल तर तुझ्या त्या रेल्वेच्या हिंदीत एक वाक्य सांग. कमीपणा वाटत असेल तर एक आठवण ठेव. मुंबई विद्यापीठातला समाजशास्त्र विभाग पॅट्रिक गेडिस यांनी १९१९ साली सुरू केला, पुढे तो समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्यांनी वाढवला, आणि घुर्यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे इंग्रजीइतक्याच दमदारपणे मराठीत लिहीत होत्या. मराठीतून समाजशास्त्राचा विचार करणारी तू पहिली नाहीस.

पहिल्यांदा बोलशील तेव्हा उत्तर देऊ नकोस, प्रश्न विचार. तोही पुस्तकातल्या पानावर बोट ठेवून. "सर, इथे लेखक अमुक म्हणतो, मागच्या पानावर तर उलट म्हटलं होतं, हे कसं?" हातात पान असलं की आवाज कापत नाही, निदान माझा तरी कापला नाही कधी. आणि लेक्चरच्या पहिल्या दहा मिनिटांत विचार. जसजसा तास पुढे जातो तसतसं बोलणं अवघड होत जातं, गाडी सुटल्यावर चढण्यासारखं. बसायची जागाही बदल. पहिला बाक नको, तिथे सगळ्यांचे डोळे पाठीत टोचतात. तिसरा, भिंतीकडचा. तिथून सरही दिसतात आणि वर्गही.

प्रेझेंटेशनचं थोडक्यात सांगते, कारण ते तुला वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. तिथे तुझ्या बोलण्यात कुणी घुसत नाही, सर पुढच्या मुद्द्यावर पळत नाहीत, वेळ तुझा असतो. पाठ करू नकोस. पाठ केलेलं एका शब्दाला अडकलं की पुढचं सगळं जातं. पीपीटीवर परिच्छेद चिकटवून ते वाचून दाखवू नकोस, एवढी कृपा कर. तीन मुद्दे कागदावर लिही आणि परतीच्या गाडीत मैत्रिणीला सांग, त्या शायनिंगवाल्या मैत्रिणीलाच. तिने मध्ये "म्हणजे काय?" विचारलं की तिथे थांबून उदाहरण दे. ते उदाहरण तुझ्या प्रेझेंटेशनमध्ये घाल.

उदाहरण कसलं द्यायचं, हे मी तुला शिकवायची गरज नाही. तुझ्या पत्राला ताजा कलम आहे. त्या दिवशी हेगेमनी म्हणून तुला पुढे काय विचारायचं होतं, ते तू तिथे लिहिलं आहेस. तुमच्या शेजारी कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप वेगळा ठेवलेला असतो. नव्या सुनेने एकदा नेहमीच्या कपात चहा दिला, तर मावशींनीच तो परत केला आणि स्वतःचा मागून घेतला. ही संमती म्हणायची का, असं तू विचारतेस.

मी हे दोनदा वाचलं. साध्या मराठीत आहे, आणि त्यात एकही शब्द कोशात बघावा लागला नाही. त्यापुढे तू आणखी दोन वाक्यं लिहिली आहेस, मावशी त्यावर काय म्हणाल्या आणि तुझ्या आईचा चेहरा कसा झाला त्याची. ती मी इथे मुद्दाम छापत नाही. आधी तुझ्या वर्गाला ऐकू देत. सर काय म्हणाले ते मला कळव.